लिनक्सवरचा सी प्रोग्राम बीएसडी आणि मॅकवर नेताना: बिघाड कसा शोधायचा

लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला सी प्रोग्राम फ्रीबीएसडीवर (बीएसडी या युनिक्स कुळातल्या एका सिस्टिमवर) नेला आणि तो पहिल्याच जोडणीला गचकला, की पहिला संशय फ्रीबीएसडीवर जातो. हा संशय क्वचितच खरा ठरतो. चूक कोडमध्ये आधीपासूनच असते. लिनक्सचा कर्नल, जीलिबसी ही सी लायब्ररी आणि इंटेलचा प्रोसेसर या तिघांनी मिळून ती सांभाळून घेतलेली असते, एवढंच. त्यामुळे जुनी सिस्टिम नेमकं काय खपवून घेत होती, हे शोधायला बसलं की उत्तर लवकर हाती लागतं. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी पॉझिक्स नावाचं मानक आहे खरं, पण अनेक ठिकाणी तेही ‘ज्याचं त्याने ठरवावं’ म्हणून मोकळं होतं, आणि आपला प्रोग्राम नेमका तिथेच अडकतो.

उदाहरणासाठी एक नेहमीचा प्रकार धरू: टीसीपीवर जोडण्या स्वीकारणारा, एपोल (एकाच वेळी अनेक जोडण्यांवर नजर ठेवायची लिनक्सची सोय) वापरणारा, चार-सहा थ्रेड चालवणारा आणि सुरू झाल्यावर पार्श्वभूमीत जाऊन बसणारा छोटा सर्व्हर. फंक्शनं आणि एरर कोड यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायची.

एका वेळी एकच गोष्ट बदला

उबुंटूवरचा कोड थेट ॲपलच्या चिपवाल्या मॅकवर नेला, तर कर्नल, सी लायब्ररी, कंपायलर, लिंकर आणि प्रोसेसर अशा पाच गोष्टी एकदम बदलतात. मग कशामुळे काय मोडलं ते कळत नाही आणि जखम मांडीला, मलम शेंडीला असा प्रकार सुरू होतो. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जा.

आधी त्याच लिनक्सवर जीसीसीऐवजी क्लँगने बांधा. मग अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये बांधा. तिथे कर्नल तोच राहतो, पण जीलिबसीच्या जागी मसल ही लायब्ररी येते. त्यानंतर इंटेल प्रोसेसरवरच फ्रीबीएसडी: आता कर्नल बदलला, प्रोसेसर तोच. आर्म प्रोसेसर आणि मॅक त्याच्या पुढे, आणि सगळ्यात शेवटी ओपनबीएसडी. व्हर्च्युअल मशीनवर ही सगळी वारी एकाच लॅपटॉपवर होते (मॅक सोडून).

अल्पाइनचा टप्पा लोक वगळतात. वगळू नका, कारण दोन नेहमीच्या चुका तिथेच पकडल्या जातात. पहिली थ्रेडच्या स्टॅकची. जीलिबसीत नव्या थ्रेडला स्टॅकची मर्यादा साधारणपणे ८ एमबी मिळते, मसलमध्ये फक्त १२८ केबी. मॅकवर मुख्य थ्रेड सोडून बाकीच्यांना ५१२ केबी. फंक्शनच्या आत दोन लाख बाइटचा बफर लोकल म्हणून ठेवला असेल, तर लिनक्सवर काहीच होत नाही आणि अल्पाइनवर फंक्शनमध्ये शिरताशिरताच सेगमेंटेशन फॉल्ट येतो. डीबगरमध्ये खूण अशी दिसते: कोसळलेली ओळ अगदी निरुपद्रवी असते, बऱ्याचदा फंक्शनचा उघडता कंसच. अशा वेळी व्हेरिएबल तपासत बसू नका. स्टॅक पॉइंटर थ्रेडच्या हद्दीबाहेर गेलाय का ते पाहा. उपाय दोन: मोठे बफर हीपवर हलवा, किंवा थ्रेड तयार करतानाच स्टॅकचा आकार स्वतः ठरवून द्या.

दुसरी चूक स्ट्रएरर-आर या फंक्शनची. याची दोन रूपं आहेत. जीएनयूचं रूप संदेशाचा पॉइंटर परत देतं आणि तुम्ही दिलेल्या बफरला कधीकधी हातही लावत नाही. पॉझिक्सचं रूप संदेश बफरमध्ये लिहितं आणि पूर्णांक परत देतं, म्हणजे यश मिळालं तर शून्य. जीलिबसीवर जीएनयू-सोर्स हा मॅक्रो लावला की पहिलं रूप मिळतं. मसल, फ्रीबीएसडी आणि मॅकवर दुसरंच. परत आलेली किंमत थेट छापली असेल, तर नव्या सिस्टिमवर लॉगमध्ये संदेशाच्या जागी ‘नल’ दिसतं, आणि तीच किंमत पुढे स्ट्रलेनला दिली असेल तर प्रोग्राम कोसळतो. गंमत म्हणजे सी++ चा जी-प्लस-प्लस कंपायलर हा मॅक्रो न सांगताच लावतो. त्यामुळे सी++ प्रकल्पात तो शोधायला गेलात तर कुठेच सापडत नाही.

जुन्या यंत्रावरच इशारे ऐका

पोर्टिंगचं, म्हणजे कोड दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याचं, अर्धं काम नवी सिस्टिम उघडण्याआधी होतं. कंपायलरचे सगळे इशारे सुरू करा आणि त्यातले दोन थेट एररमध्ये बदला: न जाहीर केलेल्या फंक्शनचा वापर, आणि पूर्णांक व पॉइंटर यांची सरमिसळ.

पहिल्याचं कारण महत्त्वाचं आहे. हेडर राहून गेला आणि फंक्शनची ओळख कंपायलरला नसेल, तर जुने कंपायलर ते पूर्णांक परत देतं असं गृहीत धरत. पॉइंटर ६४ बिटांचा, पूर्णांक ३२ बिटांचा. वरचे ३२ बिट तिथेच कापले जातात. डीबगरमध्ये एखाद्या पॉइंटरचे वरचे आठ हेक्स अंक सगळे शून्य किंवा सगळे ‘एफ’ दिसले, की हाच रोग समजा. क्लँग १६ (२०२३) आणि जीसीसी १४ (२०२४) पासून हा मुळात एररच आहे. म्हणून नव्या कंपायलरवर ‘बिल्ड मोडला’ अशी ओरड झाली तर आधी कंपायलरचे आभार माना.

हेडर राहतो तो बहुधा आळसाने नाही. लिनक्सवर एक हेडर दुसऱ्याला आपोआप ओढून आणतो, म्हणून तो राहिलाय हे कळतच नाही. सॉकॲड्र-इन हे स्ट्रक्चर याचा ठरलेला बळी आहे: लिनक्सवर अर्पा फोल्डरमधला इनेट हेडर घेतला की ते मिळतं, फ्रीबीएसडीवर नेटइनेट फोल्डरमधला इन हेडर स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. मॅलॉकसाठी वेगळा हेडर घ्यायची जुनी सवय असेल, तर फ्रीबीएसडी बिल्ड तिथेच थांबवतो आणि एसटीडीलिब घ्या म्हणून सांगतो.

इशारे संपले की ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइंड बिहेवियर सॅनिटायझर (चालू प्रोग्राममधल्या मेमरीच्या आणि नियमबाह्य कोडच्या चुका पकडणारे कंपायलर पर्याय) लावून टेस्ट चालवा. यात निघालेली प्रत्येक चूक पुढे कुठल्या ना कुठल्या सिस्टिमवर भेटणारच होती.

बिल्ड आणि लिंक

इथे डोकं कमी आणि चिकाटी जास्त लागते. मेकफाइल जीएनयू मेकची असेल तर बीएसडीवर जीमेक बसवा. तिथला मूळ मेक वेगळा आहे. बॅश फ्रीबीएसडीवर मुळात नसतो, बसवला तर तो यूएसआर-लोकलखाली जातो, म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एन्व्हमार्फत बॅश मागवा. सेडने जागच्या जागी फाइल बदलताना फ्रीबीएसडी आणि मॅकवर बॅकअपचं एक्स्टेन्शन निदान रिकामं तरी द्यावं लागतं. फ्रीबीएसडीचा कंपायलर यूएसआर-लोकलमधले हेडर आपणहून शोधत नाही, ते काम पीकेजी-कॉन्फिगवर सोपवा. डीएलओपनसाठी वेगळी डीएल लायब्ररी जोडायची गरज बीएसडीवर नाही (जीलिबसीनेही २.३४ मध्ये, २०२१ साली, ती मुख्य लायब्ररीत सामावून घेतली). बॅकट्रेस फंक्शनसाठी मात्र फ्रीबीएसडीवर एक्झेकइन्फो लायब्ररी जोडावी लागते.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. पॉझिक्स-सी-सोर्स किंवा एक्सओपन-सोर्स हे मॅक्रो लावले की जास्त फंक्शनं मिळतात, असा समज लिनक्सवर पक्का होतो, कारण तिथे सोबत जीएनयू-सोर्स लावलेला असतो आणि तो सगळं उघडतो. फ्रीबीएसडी आणि मॅकवर हेच मॅक्रो उलटे वागतात: मानकाबाहेरचं सगळं ते लपवतात. एखादं फंक्शन मॅन पानात आहे, हेडरमध्ये डोळ्यांना दिसतंय आणि तरी कंपायलर ‘ओळखत नाही’ म्हणतो, तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. मॅकवर डार्विन-सी-सोर्स, नेटबीएसडीवर नेटबीएसडी-सोर्स आणि इलुमोसवर (सोलारिसच्या वंशजावर) एक्स्टेन्शन्स हा मॅक्रो लावून ते परत उघडता येतं. फ्रीबीएसडीवर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे असला कुठलाही मॅक्रो न लावणं.

चालतो, पण चुकीचा चालतो: पहिला फरक शोधा

खरी कसोटी इथून पुढे. प्रोग्राम बांधला जातो, सुरू होतो आणि मग गप्प बसतो किंवा जोडण्या तोडतो. अशा वेळी कोड वाचत बसू नका. दोन्ही सिस्टिमवर एकच काम करायला लावा आणि सिस्टिम कॉलची नोंद घ्या. लिनक्सवर एसट्रेस, फ्रीबीएसडीवर ट्रस किंवा केट्रेस आणि मग केडंप, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीवर केट्रेस. फोर्कनंतरच्या मुलांचाही (प्रोग्रामने स्वतःची प्रत काढून सुरू केलेल्या प्रोसेसचाही) माग काढणारा पर्याय सुरू ठेवा. मॅकवर डीट्रस आहे, पण सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन त्याचे हातपाय बांधून ठेवतं. तिथे मी सरळ एलएलडीबीकडे वळतो.

दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवून वरून खाली या. जिथे पहिल्यांदा निकाल वेगळा आला तिथे थांबा. शेवटची एरर पाहू नका. ती बहुधा दहाव्या परिणामाचा परिणाम असते.

एपोल ते केक्यू

फ्रीबीएसडीत केक्यू २००० साली, ४.१ या आवृत्तीत आला. मॅक, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीनेही तोच उचलला. काम एपोलसारखंच आहे, पण स्वभाव वेगळा, आणि एपोलचे कॉल बदलून केक्यूचे टाकले की कोड बांधला जातो. तिथून पुढे चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच फोर्कची. एपोलचा डिस्क्रिप्टर (कर्नलने दिलेला ओळख क्रमांक) फोर्कनंतर मुलाकडे जातो, केक्यूचा जात नाही. आपला सर्व्हर आधी एपोल तयार करून मग डीमन फंक्शनने पार्श्वभूमीत जात असेल, तर लिनक्सवर सगळं ठीक चालतं. बीएसडीवर मात्र टर्मिनलला बांधून, म्हणजे डीबगसाठी चालवलात तर चालतो, आणि सेवा म्हणून सुरू केलात की ईबॅडएफ (‘अवैध डिस्क्रिप्टर’) एरर येऊन मरतो. ‘डीबगरमध्ये चालतं, एरवी नाही’ ही तक्रार आली की आधी हाच क्रम तपासा. उपाय फक्त ओळींची अदलाबदल: आधी पार्श्वभूमीत जा, मग केक्यू तयार करा.

दुसरी ठेच फिल्टरची. एपोलमध्ये एका डिस्क्रिप्टरची एकच नोंद असते आणि वाचणं-लिहिणं हे त्या नोंदीतले बिट. केक्यूत वाचण्याची नोंद वेगळी, लिहिण्याची वेगळी. एकाच सॉकेटचे दोन इव्हेंट एकाच फेरीत हाती येऊ शकतात. पहिला हाताळताना तुम्ही जोडणी बंद करून तिची मेमरी मोकळी केली, तर दुसरा इव्हेंट त्याच मेलेल्या पॉइंटरसकट यादीत वाट पाहत असतो. म्हणून मेमरी मोकळी करायचं काम फेरी संपेपर्यंत पुढे ढकला. शिवाय न नोंदवलेला फिल्टर काढायला गेलात तर ईनोएन्ट (‘असं काही नाही’) ही एरर मिळते. ती गिळायची, सर्व्हर बंद करायचा नाही.

तिसरी ठेच समोरच्याने जोडणी बंद केल्यावरची. केक्यू ईव्ही-ईओएफ हा झेंडा दाखवतो, पण त्याच वेळी न वाचलेला डेटा बफरमध्ये शिल्लक असू शकतो. झेंडा दिसताच सॉकेट बंद केलं तर शेवटचा तुकडा हरवतो. रीड शून्य परत देईपर्यंत वाचत राहा.

चौथी खरं तर केक्यूची नाहीच, ॲक्सेप्टची आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी हीच. ऐकणारं सॉकेट नॉनब्लॉकिंग (डेटा नसेल तर न थांबता लगेच परतणारं) असेल, तर बीएसडी आणि मॅकवर ॲक्सेप्टने मिळालेलं नवं सॉकेटही नॉनब्लॉकिंगच येतं. लिनक्सवर ते ब्लॉकिंग येतं. नवी जोडणी थ्रेडकडे सोपवून तिथे निवांत रीड करणारा कोड लिनक्सवर डेटा येईपर्यंत थांबतो. बीएसडीवर त्याच रीडला लगेच ईअगेन (‘आत्ता काही नाही, परत प्रयत्न करा’) मिळते, कोड तिला बिघाड समजतो आणि जोडणी तोडतो. त्याच यंत्रावरून तपासलं तर डेटा आधीच पोचलेला असतो, म्हणून सगळं ठीक दिसतं. दूरच्या, मंद ग्राहकाकडून आलं की तुटतं. मग दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो. ॲक्सेप्टनंतर हवी ती स्थिती दरवेळी स्वतः लावा. ॲक्सेप्ट-४ ने ती कॉलमध्येच सांगता येते, पण ते फंक्शन मॅकवर नाही.

ही दुरुस्ती हाताने करायची नसेल तर एपोल-शिम नावाची लायब्ररी केक्यूवर एपोलचा मुखवटा चढवून देते. तात्पुरता पोर्ट उभा करायला ती उत्तम. कायमचा कोड मात्र मी लिबइव्हेंट किंवा लिबयूव्हीवर नेईन.

आकडे सगळीकडे सारखे नसतात

लिनक्सवर ईअगेनचा आकडा ११ आणि ईडेडलॉकचा ३५. फ्रीबीएसडी आणि मॅकवर नेमकं उलट: ईअगेन ३५, ईडेडलॉक ११. आता तुमचा प्रोटोकॉल एरर नंबर जसाच्या तसा नेटवर्कवरून पाठवत असेल, तर ‘परत प्रयत्न करा’ हा निरोप पलीकडे ‘डेडलॉक झाला’ म्हणून पोचतो. नेटवर्कवर स्वतःचे कोड ठरवून पाठवा.

सिग्नलचीही तीच कथा. लिनक्सवर १० म्हणजे यूएसआर१, बीएसडीवर यूएसआर१ चा आकडा ३० आणि १० म्हणजे बस एरर. लॉग फिरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये किलला १० हा आकडा दिलेला असेल, तर फ्रीबीएसडीवर रोज रात्री ठरल्या वेळी सर्व्हर ‘बस एरर’ने मरतो आणि माणसं मेमरी अलाइनमेंट तपासत बसतात. स्क्रिप्टमध्ये नेहमी सिग्नलचं नाव लिहा.

टाइम-टी हा प्रकार ओपनबीएसडीने ५.५ मध्ये (२०१४) सगळ्या प्लॅटफॉर्मवर ६४ बिटांचा केला, ३२ बिटांच्या यंत्रांवरसुद्धा. तो लाँग समजून छापला तर अशा यंत्रावर त्याच्या पुढचे सगळे आकडे सरकतात. लाँग लाँगमध्ये रूपांतर करून छापा.

थ्रेड गोठले तर

फ्रीबीएसडीवर साधा म्यूटेक्स (थ्रेडचं कुलूप) मुळातच चुका तपासणारा असतो. एका थ्रेडने लावलेलं कुलूप दुसऱ्याने उघडलं, तर लिनक्सवर ते गुपचूप उघडतं. फ्रीबीएसडी ईपर्म (‘परवानगी नाही’) परत देतो आणि कुलूप तसंच राहतं. अनलॉकची परत किंमत कोण तपासतो? कोणीच नाही, म्हणून पुढचा थ्रेड कायमचा थांबतो. गोठलेल्या प्रोसेसला डीबगर जोडा, सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस घ्या आणि कुलूप लावणारा व उघडणारा एकच आहे ना ते पाहा. नसेल तर तिथे म्यूटेक्स नव्हे, कंडिशन व्हेरिएबल हवा होता.

सेमाफोर वापरायचा विचार असेल तर मॅकवर सेम-इनिट चालत नाही हे लक्षात ठेवा: कोड बांधला जातो, पण कॉल ईनोसिस (‘ही सोय नाही’) देतो. तपासलं नाही तर त्या सेमाफोरवर कोणी थांबतच नाही.

ॲपलची चिप आणि इतर आर्म

पेजचा आकार ४०९६ असा कोडमध्ये कोरून ठेवलेला असेल तर ॲपलच्या चिपवर एममॅप ईइनव्हॅल (‘चुकीचं आर्ग्युमेंट’) देऊ शकतं, कारण तिथे तो १६३८४ आहे. आकार सिसकॉन्फला विचारा.

ॲपलच्या आर्मवर कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनांची जादाची आर्ग्युमेंट रजिस्टरमधून न जाता नेहमी स्टॅकवरून जातात. एखाद्याने ओपन किंवा आयऑक्टल स्वतःच्या हाताने तीन ठरीव आर्ग्युमेंटचं फंक्शन म्हणून जाहीर केलं असेल, किंवा तशा पॉइंटरमधून बोलावलं असेल, तर तिसरं आर्ग्युमेंट भलत्याच ठिकाणाहून वाचलं जातं. ओळखायची खूण: नव्याने तयार झालेल्या फाइलच्या परवानग्या दर वेळी विचित्र आणि वेगळ्या येतात.

कॅर हा प्रकार इंटेलवर आणि ॲपलच्या आर्मवर चिन्हासहित असतो, पण लिनक्सच्या आर्मवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, चिन्हरहित. गेटकॅरचा निकाल कॅरमध्ये साठवून ईओएफशी ताडून पाहणारी लूप तिथे कधीच संपत नाही. इंटेलवर बसूनच हे तपासता येतं: कॅर चिन्हरहित करणारा कंपायलर पर्याय लावून टेस्ट चालवा.

शेवटचा प्रकार कंटाळवाणा पण खरा. मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. प्रकल्पाच्या मुळाशी व्हर्जन नावाची मोठ्या अक्षरांतली फाइल असेल आणि तो फोल्डर हेडर शोधायच्या यादीत असेल, तर सी++ ची प्रमाण लायब्ररी आपला व्हर्जन हेडर समजून तीच उघडते, आणि एरर आवृत्ती क्रमांकावर येते.

ओपनबीएसडी सगळ्यात शेवटी, पण नक्की

ओपनबीएसडीवर तुमचा एकही ग्राहक नसेल, तरी तिथे एकदा चालवून पाहा. मोकळी केलेली मेमरी तो डीएफ या हेक्स आकड्यांनी भरतो. डीबगरमध्ये पॉइंटर डीएफ-डीएफ-डीएफ असा दिसला, तर मोकळी केलेली मेमरी कोणीतरी वापरतंय, दुसरा अर्थ नाही. एकाच वेळी लिहिता आणि चालवता येणारी मेमरी ६.० पासून (२०१६) सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे जेआयटी (चालताचालता यंत्रकोड तयार करणारा भाग) असलेला कोड लगेच उघडा पडतो. आकड्याने थेट सिस्टिम कॉल करणारं सिसकॉल फंक्शन ७.५ मध्ये (२०२४) काढूनच टाकलं. यादृच्छिक आकड्यांसाठी असा थेट कॉल लिहिला असेल, तर गेटएन्ट्रॉपी वापरा. ते ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी, मॅक, जीलिबसी आणि मसल सगळीकडे आहे.

दुरुस्ती कुठे ठेवायची

‘लिनक्स असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी कोडभर पेरू नका. फ्रीबीएसडीत पूर्वी नसलेलं, मूळचं लिनक्सचं इव्हेंटएफडी फंक्शन आज आहे; सिस्टिमच्या नावावर बेतलेली अट त्या दिवशीच खोटी झाली. मसल तर स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो मुद्दामच देत नाही. बिल्डच्या वेळी छोटा तुकडा बांधून पाहा: फंक्शन आहे का, स्ट्रक्चरमध्ये ते फील्ड आहे का, स्ट्रएरर-आर काय परत देतं. निकाल एका हेडरमध्ये लिहा आणि नसलेल्या फंक्शनांचे पर्याय कंपॅट नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

पॅच मूळ प्रकल्पाला पाठवताना प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा कमिट करा. संदेशात तीन गोष्टी हव्यात: कुठल्या सिस्टिमच्या कुठल्या आवृत्तीवर बिघडलं, सिस्टिम कॉलच्या नोंदीतल्या फरक दाखवणाऱ्या दोन ओळी, आणि जुनं वागणं कशाच्या भरवशावर चाललं होतं त्याचं एक वाक्य. ॲक्सेप्टसारखी दुरुस्ती लिनक्सच्या देखभालकर्त्याला निरर्थक वाटते आणि पुढच्या साफसफाईत तो ती काढून टाकतो, म्हणून त्या ओळीच्या वर कॉमेंटही लिहा आणि मंद ग्राहकाची नक्कल करणारी टेस्ट सोबत जोडा.